शास्त्रावर भरवसा ठेवायचा म्हणजे तळटिपांकडे डोळेझाक करायची का?

एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी लहानपणापासून मंडळीत वाढले, आता संडे स्कूलला शिकवते. हल्ली बायबलच्या तळटिपाही वाचायला लागले. मार्कच्या शेवटी 'सर्वांत जुन्या प्रतींत ही वचने नाहीत' अशी टीप दिसली. मग चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून कबरेची हकिकत वाचली, तर कुणी एक देवदूत सांगतो, कुणी दोन. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, तर 'शंका सैतान घालतो, प्रार्थना कर' एवढंच उत्तर मिळालं. ख्रिस्तावर माझा विश्वास आहे. पण शास्त्रावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि अशा मनाने मुलांना शिकवत राहावं का?"

उत्तर लांबणार आहे, कारण यात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पाळक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आलाय, आणि विचारणारी माणसं बहुतेक वेळा मनापासून वाचणारीच असतात. जो वाचतच नाही त्याला तळटीप दिसणार कुठून!

आधी वडीलधाऱ्यांचं बोलू. त्यांना तुमची काळजी वाटली असणार, यात शंका नाही. पण सगळ्या शंका सैतानाच्या खात्यावर टाकणं शास्त्राला धरून नाही. बिरुया या गावातल्या लोकांनी पौलाचं प्रवचन ऐकलं आणि हा म्हणतो ते तसं आहे की नाही, हे रोज शास्त्र उघडून पडताळलं. दस्तुरखुद्द प्रेषिताची तपासणी चालली होती, आणि त्याबद्दल प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुक केलंय. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा' असं रडत म्हणणाऱ्या बापाला येशूने आधी शंका मिटवून ये, असं सांगितलं नाही. त्याचा मुलगा बरा केला. यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर संशयात असलेल्यांवर दया करा, अशी सरळ आज्ञाच आहे. ती आज्ञा तुमच्या वडीलधाऱ्यांनाही लागू होते, हे आदराने सांगतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या प्रश्नामागे एक भीती आहे: पुस्तकातली एखादी गोष्ट सुटली, तर ख्रिस्तही हातचा जाईल. म्हणजे आधी पुस्तक निर्दोष सिद्ध व्हायचं, मग त्यावर ख्रिस्त उभा राहायचा. बहुतेक जण हा क्रम गृहीत धरतात. पण पहिल्या शिष्यांच्या बाबतीत घडलं ते याच्या उलट. प्रभू उठला, त्यांना भेटला, त्यांनी ते सांगायला सुरुवात केली. तेव्हा नव्या करारातलं एकही पुस्तक लिहिलेलं नव्हतं. आज हातात असलेल्या पौलाच्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५० च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर जवळजवळ वीस वर्षांनी लिहिलेलं. करिंथकरांस पहिलं पत्र त्यानंतर चार-पाच वर्षांनी. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हांला सांगितलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे पत्र लिहिण्याआधीच ही साक्ष माणसांच्या तोंडी होती. करिंथची मंडळी त्या साक्षीवर उभी होती, पत्र तिला नंतर मिळालं.

'मग शास्त्र नसतं तरी चाललं असतं' असा याचा अर्थ मात्र नाही. जुना करार त्यांच्याकडे होताच, आणि तो त्यांच्या परिचयाचा होता. तरी अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघं हताश होऊन चालले होते. शास्त्र माहीत असूनही त्यांना ते उमगलं नव्हतं. उठलेल्या प्रभूने वाटेत मोशेपासून सुरुवात करून सगळ्या संदेष्ट्यांमधलं स्वतःविषयीचं उलगडून सांगितलं, तेव्हा तीच जुनी वचनं त्यांच्या अंतःकरणात पेटली. योहान ५ मध्ये येशू यहूदी पुढाऱ्यांना हेच सुनावतो: तुम्ही शास्त्र शोधून पाहता, कारण त्यात सार्वकालिक जीवन मिळेल असं तुम्हांला वाटतं; ते माझ्याविषयी साक्ष देतं, आणि तरी तुम्ही माझ्याकडे यायला तयार नाही.

म्हणून मी सांगताना असं सांगतो: आपला विश्वास ख्रिस्तावर आहे, आणि ख्रिस्तावर आहे म्हणून शास्त्रावर आहे. त्याने ते शास्त्र स्वतःचं मानलं, अरण्यातल्या परीक्षेत त्याच्याच आधाराने उत्तरं दिली, वधस्तंभावर बाविसावं स्तोत्र उच्चारलं. आणि त्याच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या साक्षीदारांच्या लेखणीतून. धर्मसुधारक कॅल्विनसारखा काटेकोर माणूसही म्हणतो की शास्त्र देवाचं आहे ही खात्री शेवटी पवित्र आत्म्याच्या आतल्या साक्षीने पटते. युक्तिवाद तिच्या मागून मदतीला येतात. क्रम असा लावला की तळटीप भूकंप वाटत नाही, अभ्यासाचा विषय वाटते. उलटा लावला, तर विश्वास म्हणजे पत्त्यांचा बंगला होतो, आणि माणूस आयुष्यभर वारा येऊ नये म्हणून खिडक्या बंद करत बसतो.

आता त्या तळटिपेकडे येऊ, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नाही आणि शिकण्यासारखं बरंच आहे.

मूळ लेखकांच्या हातचा एकही कागद आज शिल्लक नाही. छापखाना येईपर्यंत चौदाशे वर्षं सगळं हाताने उतरवलं गेलं. हाताने उतरवताना काय होतं, हे ज्याने शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतलंय त्याला ठाऊक आहे: शब्द सुटतो, ओळ दोनदा लिहिली जाते, वरच्या ओळीतला शब्द खालच्या ओळीतही असला की नजर घसरते आणि मधला मजकूर गळतो. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांहून अधिक आहे. काही पूर्ण ग्रंथ, काही हाताएवढे तुकडे. ती एकमेकांशी ताडून पाहिली की काही लाख फरक निघतात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण त्यांतले बहुसंख्य फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे, 'येशू'ऐवजी 'प्रभू येशू' अशा धर्तीचे. शिवाय इतक्या प्रती आहेत म्हणूनच फरक दिसतात. जगात एकच प्रत उरली असती तर एकही तळटीप नसती, आणि चूक कुठे आहे हे कळायला मार्गही नसता. तळटीप म्हणजे अनुवादकांनी तुमच्यापुढे मांडलेला पुरावा आहे.

मार्कचंच बघा. चौथ्या शतकातले दोन मोठे ग्रंथ, कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस, १६:८ ला थांबतात. स्त्रिया कबरेपासून पळाल्या, त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची बारा वचनं त्यांत नाहीत. आता बायबल उघडून नववं वचन वाचा. तिथे मरीया मग्दालीयेची ओळख करून दिलीय: 'जिच्यातून सात भुते काढली होती ती'. आठ वचनांपूर्वीच ती मसाले घेऊन कबरेकडे निघाली होती, वधस्तंभाजवळही तिचं नाव आलं होतं; मग इथे नव्याने ओळख कशाला? दुसऱ्या कुणाच्या हातचा मजकूर जोडला गेला असावा असं अभ्यासकांना वाटतं, ते अशा खुणांमुळे. तो मजकूरही बराच जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या बिशपला तो ठाऊक होता, त्याने त्यातलं वचन मार्कचं म्हणून दिलंय. म्हणजे कुणी परवा-तेरवा घुसडलेला नव्हे.

त्याने नुकसान काय होतं? पुनरुत्थानाची बातमी सहाव्या वचनात आहे: तो उठला आहे, तो येथे नाही. ती या दोन जुन्या प्रतींतही आहे. मी स्वतः त्या बारा वचनांवरून प्रवचन देतो, पण केवळ त्यांच्या आधारावर एखादी शिकवण किंवा प्रथा उभारत नाही. अठराव्या वचनाच्या भरवशावर विषारी साप हाताळून माणसं दगावली आहेत, त्यामुळे ही सावधगिरी मला पुस्तकी वाटत नाही.

योहान ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, तीही सर्वांत जुन्या प्रतींत नाही. आणि १ योहान ५:७ मधलं 'पिता, शब्द आणि पवित्र आत्मा' हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मुळीच नाही. एरास्मस या विद्वानाने १५१६ च्या ग्रीक नव्या करारात ते घातलं नव्हतं. ओरड झाल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातलं. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण त्या वाक्यावर टिकून होती का? ती शिकवण मांडणाऱ्या मंडळ्यांच्या दोन परिषदा, ३२५ ची निकियाची आणि ३८१ ची कॉन्स्टंटिनोपलची, त्या वाक्याच्या आधाराशिवायच पार पडल्या.

जाता जाता एक गैरसमज. निकियाच्या परिषदेत मतदान घेऊन बायबलची पुस्तकं ठरवली, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. तसं झालं नाही. तिथे वाद एरियसच्या शिकवणीचा होता; पुत्र पित्याच्या बरोबरीचा देव नाही, असं तो म्हणे. आज आपल्याकडे आहेत तीच नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिअस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात यादीने दिलेली सापडतात. त्याआधी चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं मंडळ्यांतून केव्हाच वाचली जात होती. खळखळ होती ती इब्री, याकोब, दुसरं पेत्र, प्रकटीकरण अशा काहींविषयी. तीही उघडपणे लिहून ठेवलेली आहे.

जुन्या कराराचंही थोडं सांगतो. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांत यशयाची एक अख्खी गुंडाळी आहे, ख्रिस्तापूर्वी साधारण शंभर-सव्वाशे वर्षांची. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती हजारएक वर्षांनी जुनी. फरक आहेत, पण यशया तोच. हे आपण प्रवचनात आनंदाने सांगतो. त्याच गुहांत यिर्मयाचे असेही तुकडे मिळाले, जे आपल्या हिब्रू पाठापेक्षा आखूड असलेल्या ग्रीक यिर्मयाशी जुळतात. म्हणजे त्या काळी यिर्मयाचे दोन पाठ फिरत होते. हे मात्र प्रवचनात कुणी सांगत नाही. पहिलं सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हे मला पटत नाही. ऐकणाऱ्याला दुसरं कधीतरी कळतंच, आणि मग त्याचा पहिल्यावरचाही विश्वास उडतो.

कबरेपाशी किती देवदूत होते? मत्तय एक देवदूत सांगतो, मार्क एक तरुण, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. स्त्रिया किती? योहान एकट्या मरीया मग्दालीयेचं नाव घेतो, बाकीचे तिघं आणखी नावं देतात. आता योहान २०:२ नीट वाचा. ती धावत पेत्राकडे येते आणि म्हणते, त्याला कुठे ठेवलं हे 'आम्हांला' ठाऊक नाही. एकटीच गेली असती तर 'मला' म्हणाली असती. योहानाने गोष्ट तिच्या अंगाने सांगितली, बाकीच्या बायका त्या एका शब्दात डोकावून गेल्या. लूकचंही तसंच आहे. २४:१२ मध्ये पेत्र एकटाच कबरेकडे धावताना दिसतो. बारा वचनांनंतर अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं म्हणतात, आमच्यापैकी 'काही जण' कबरेकडे गेले. म्हणजे लूकला ठाऊक होतं, त्याने तिथे फक्त पेत्राकडे पाहिलं.

असा मेळ मला पटतो. पण सगळीकडे तो इतक्या सहज बसत नाही, हेही लगेच सांगतो. यहूदा इस्कार्योताचा मृत्यू मत्तय २७ आणि प्रेषितांची कृत्ये १ मध्ये वेगळा सांगितलाय. मत्तयाची आणि लूकची वंशावळ दाविदानंतर वेगळ्या वाटांनी जाते. त्यांवर दिलेली काही स्पष्टीकरणं ओढूनताणून केलेली वाटतात, आणि तसली स्पष्टीकरणं विश्वासाच्या नावाखाली गळी उतरवून घ्यायची गरज नाही. बिशप ऑगस्टीनने बायबलचा अनुवादक जेरोम याला इ.स. ४०५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रातली वृत्ती मला शहाणपणाची वाटते: शास्त्रात काही सत्याविरुद्ध दिसलं, तर एक तर हस्तलिखित सदोष असेल, नाहीतर अनुवादकाला अर्थ गवसला नसेल, नाहीतर मलाच कळलं नसेल. त्याच्याकडे तर आजच्या इतकी साधनंही नव्हती, तरी प्रत सदोष असू शकते हे म्हणायला तो कचरला नाही.

'निर्दोष' या शब्दावरून मंडळ्यांत मोठे वाद आहेत. इव्हँजेलिकल पुढाऱ्यांच्या १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्याने निर्दोषत्वाचा दावा मूळ लेखापुरता केला. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली म्हटलं की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं, ते शास्त्र चूक न करता शिकवतं. तुमची मंडळी काय मानते ते तिथल्या पाळकांकडून समजून घ्या. पण या वादाचा निकाल लागेपर्यंत शास्त्राला 'होय' म्हणणं थांबवू नका. पौल तीमथ्याला लिहितो की देवप्रेरित शास्त्र शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला, नीतीचं वळण लावायला उपयोगी आहे. आणि त्याच्या आधी काय म्हणतो? तू हे कोणाकडून शिकलास ते तुला ठाऊक आहे. तीमथ्याची आजी लोईस, आई युनीके. त्या पोराचा शास्त्रावरचा भरवसा त्या दोघींच्या जगण्यातून आला होता.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येतो. शास्त्रावरचा भरवसा शंकेने जितका कमी होतो, त्याहून जास्त तो कापाकापीने होतो, असं माझं मत आहे.

यिर्मया ३६ वाचा. हिवाळ्याचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीसमोर बसलाय, आणि यिर्मयाची गुंडाळी त्याला वाचून दाखवली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. गुंडाळी संपेपर्यंत. मग यिर्मयाने बारूखाला सगळं पुन्हा सांगितलं, आणि त्यात आणखी मजकूर घातला. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने हेच सभ्यपणे केलं: जुना करार पूर्ण वगळला, लूकचं छाटलेलं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं ठेवली. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. त्यात जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळलेला होता. इस्राएल मिसरच्या दास्यातून सुटल्याची हकिकत नाही, 'दास किंवा स्वतंत्र हा भेद नाही' हे गलतीकरांस पत्रातलं वचन नाही, पण दासांनी धन्याच्या आज्ञा पाळाव्या हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य मात्र होतं. ज्यांनी ते कापलं त्यांना अख्खं पुस्तक काय करू शकतं हे बरोबर कळलं होतं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला, आणि तो लढा वर्षानुवर्षं लढवणारा खासदार विल्बरफोर्स तेच बायबल न कापता वाचत होता.

आपण चाकू घेत नाही. आपण आवडती वचनं घेतो. यिर्मया २९:११, 'तुमच्याविषयी जे संकल्प मी करत आहे ते मला ठाऊक आहेत', हे वचन परीक्षेआधी, शस्त्रक्रियेआधी, नोकरी गेल्यावर एकमेकांना पाठवलं जातं. ते कुणाला लिहिलं होतं? ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांना. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं सांगितलीत. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना घरी परतणं दिसणार नव्हतं. म्हणून त्यांना सांगितलं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एक अध्याय मागे हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळं परत येईल' असं छातीठोक सांगत होता. लोकांना हनन्या आवडला असणार. यिर्मयाचं वचन त्या स्वस्त आशेच्या विरोधात उभं आहे, आणि आपण ते हनन्याच्या सुरात वापरतो! मग सत्तर दिवसांतही काही बदललं नाही की माणूस म्हणतो, शास्त्र खोटं निघालं. शास्त्राने ते त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

याहून गमतीचं म्हणजे ईयोब ८:७, 'तुझा आरंभ अल्प असला तरी शेवटी तू थोर होशील' अशा अर्थाचं. भिंतीवर लावायला भारी लोकप्रिय. बोलणारा आहे बिल्दद शूही, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच्यासह तिन्ही मित्रांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. संदर्भ सोडला तर असं होतं. सैतानानेही मंदिराच्या शिखरावर एक्याण्णवाव्या स्तोत्रातली वचनं म्हटली होती. येशूने ते स्तोत्र खोटं ठरवलं नाही. 'असेही लिहिले आहे' म्हणून मोशेच्या पाचव्या पुस्तकातलं (त्याचं नाव 'अनुवाद') वचन शेजारी ठेवलं.

आजारपणात हे फार महत्त्वाचं होतं. विश्वास असेल तर औषध थांबव, असं सांगणारे भेटले तर त्यांना १ तीमथ्य ५:२३ दाखवा, तिथे पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. २ तीमथ्य ४:२० दाखवा, तिथे त्याने त्रफिमाला आजारी असतानाच मिलेतात सोडलंय. पौलाचा विश्वास कमी पडला होता का? औषध बंद करू नका.

नकोसे भाग न कापता वाचायचे म्हटलं की यहोशवातले संहार, स्तोत्र १३७ चं शेवटचं वचन, शास्ते १९ मधल्या त्या उपपत्नीची गत, हे सगळं समोर येतं. शास्त्यांचं पुस्तक जे नोंदवतं ते मान्य करत नाही. राजा नव्हता आणि जो तो मनाला येईल तसं करी, हाच त्याचा शेवटचा शेरा आहे. १३७ वं स्तोत्र घरदार जळालेल्यांचा आक्रोश आहे, देवापुढे केलेला, आज्ञा नव्हे. यहोशवाविषयी मला अनेक स्पष्टीकरणं ठाऊक आहेत आणि एकानेही माझं पूर्ण समाधान होत नाही. घटस्फोटाविषयी विचारलं तेव्हा येशू म्हणाला, मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे परवानगी दिली, प्रारंभापासून असं नव्हतं. म्हणजे शास्त्रातल्या सगळ्याच गोष्टी देवाच्या मनाशी सारख्याच अंतरावर नाहीत, हे त्यानेच दाखवलं. शत्रूंवर प्रीती करा म्हणणाऱ्याच्या पायाशी बसून मी यहोशवा वाचतो, आणि कुणी त्यावरून आज एखाद्या समाजाविरुद्ध तलवार उपसायला निघाला तर तो शास्त्र चुकीचं वाचतोय, हे ठामपणे सांगतो.

मग रोज करायचं काय? एखादं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. मार्क मोठ्याने वाचायलाही साधारण दीड तास पुरतो. फिलेमोनाचं पत्र तर पंचवीस वचनांचंच आहे. तुकडे वाचून वाचून आपल्याला गोष्टच माहीत नसते. एकट्याने वाचू नका. तुमच्याशी सहमत नसलेलं एक तरी माणूस सोबत असू द्या. जे कळलंय ते आज करा. 'जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल,' असं येशू योहान ७:१७ मध्ये म्हणतो. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे आधी जा, हे वचन कळायला ग्रीक लागत नाही. आणि प्रार्थना सुचत नसेल त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र म्हणा. त्याचा शेवट अंधारात होतो, कसलाही दिलासा न देता, आणि तरीही तो मजकूर स्तोत्रांतून कुणी काढून टाकला नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. शिकवत राहा. मात्र जे तुम्हांला आज मनापासून म्हणता येत नाही, तो धडा काही दिवस दुसऱ्या शिक्षिकेकडे द्या. मुलांना सूर लगेच कळतो. 'मग देवदूत नक्की किती होते?' असं एखाद्या पोराने विचारलं, तर मत्तय आणि मार्क एकाचं सांगतात, लूक आणि योहान दोघांचं, आणि कबर रिकामी होती हे चौघंही सांगतात, एवढं सरळ सांगा. असले प्रश्न विचारायचे नसतात, हे मात्र कधी म्हणू नका. वयाने मोठी मुलं असतील तर त्यांना चारही हकिकती काढून द्या आणि फरक त्यांनाच शोधू द्या. ती आपण समजतो त्यापेक्षा बरंच पेलतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'बघून सांगते' म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा, विसरू नका. आणि हे सगळं तुमच्या पाळकांच्या कानावर आधीच घाला. एखाद्या पालकाच्या तक्रारीतून त्यांना ते कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.